बाटलीवरची चौकट

राजकुमारभाऊंच्या जिमचा जुना लोगो म्हणजे एक बिनमानेचा पहिलवान होता. दंड फुगवून, दात काढून उभा. लग्नाआधी मी दिग्रसला ज्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला होते, तिथल्याच कॉम्प्युटरमधला हा तयार पहिलवान. एका चिकन सेंटरच्या बोर्डावरही तोच होता.

"वहिनी, ह्याले हटवा," राजकुमारभाऊ म्हणाले. "आता मी नुसती जिम नाही चालवून राह्यलो. इकडं फिटनेस, तिकडं रिकव्हरी. ह्याले पाहून आजारी मानूस पायरीवरूनच वापस जाते."

"आन् रिकव्हरी वाचून धडधाकट मानूस पयते," माझा नवरा संघर्ष म्हणाला. "लोकाईले वाटते, बँकेवाले आले."

"तू चूप बैस बे."

दोघे कॉलेजात एकाच कबड्डीच्या टीममध्ये होते, म्हणून हे असं चालायचं. पण राजकुमारभाऊंना हसू आलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ शंकरसिंग दोन हजार सतराच्या फवारणीच्या विषबाधेत सापडला होता. त्या साली कपाशी डोक्याबरोबर वाढलेली, फवारा तोंडावरच यायचा. यवतमाळच्या दवाखान्यातून तो घरी आला, पण हातात चहा दिला की बशी वाजत राहायची. भाऊंनी त्याला रोज जिममध्ये नेलं. श्वास कसा घ्यायचा, मूठ कशी आवळायची, असं एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरला विचारून विचारून करवून घेतलं. मग त्यांच्या तांड्यावरचे तसेच आणखी दोघे-तिघे यायला लागले. त्यातून हे "दम फिटनेस अँड रिकव्हरी" निघालं.

माझी मुलगी मैत्री झाल्यापासून मी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. हे पहिलं काम. मला ते इतकं चांगलं करायचं होतं, की भाजी चिरताना, मैत्रीला झोपवताना डोळ्यांपुढं आकारच यायचे.

त्याच सुमारास मी मैत्रीला एक गोष्ट शिकवली होती. आमच्या मागच्या पडवीत फवारणीच्या औषधांची पेटी असते. तिला कुलूप आहे, पण किल्ली कुलपातच लटकलेली. मी काढून ठेवायची, कोणीतरी पुन्हा तिथंच लावायचं. पोरगी रांगणं सोडून चालायला लागली तशी माझी झोप उडाली. तिला वाचता येत नाही, पण प्रत्येक डब्यावर पत्त्यातल्या चौकटीसारखा तो आकार असतो. वरचा अर्धा पांढरा, खालचा रंगीत. मी रिकामा खोका दाखवून तिला विचारायची, "चौकट दिसली की?"

"छी!"

"हात कुठं?"

ती दोन्ही हात पाठीमागं न्यायची. सासूबाई हसायच्या. "पोट्टीले पोलीस भरतीत धाडतं काय वं?"

हसू देत. दुकानात, बांधावर, कुठंही तो आकार दिसला की मैत्री थबकायची. मला जरा झोप येऊ लागली.

लोगो आठवड्याभरात झाला. टोकावर उभा केलेला चौकोन, मधून दुभागलेला. वर पांढऱ्यावर धावणारा माणूस, म्हणजे फिटनेस. खाली लाल रंगात बसून श्वास घेणारा, म्हणजे रिकव्हरी. राजकुमारभाऊंनी मोबाइलवर पाहिला आणि तीनदा "जबरदस्त" म्हटलं. मलाही तो फार आवडला. कुठून सुचला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

रविवारी ते नमुन्याची पाण्याची बाटली घेऊन घरी आले. उद्घाटनाला सगळ्यांना अशीच वाटायची होती. त्यांनी ती थेट मैत्रीपुढं धरली. "घे वं पुतनी. तुया मायनं काढलं."

मैत्रीनं बाटलीकडं पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले. "छी."

"आता गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "काहून भेतं? पानी हाय त्यात. पे ना माय. तुया आईनं काढलेलं चित्र हाय ते."

मैत्री माझ्याकडं बघायला लागली. भाऊ माझ्याकडं बघत होते. संघर्ष कौतुकानं बघत होता. तिचे हात अजून पाठीमागंच होते, पण चारचौघांत काय बोलायचं, म्हणून मी हसले. "पी बाळा. आपलंच आहे."

ती प्यायली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊ गेले. मी चहाची भांडी विसळत होते. मैत्री दिसेना म्हणून मागं गेले, तर पडवीत पेटी उघडी. संघर्ष सकाळी फवारून आलेला, किल्ली नेहमीप्रमाणे कुलपात. मैत्री उकिडवी बसून एका बाटलीवरून बोट फिरवत होती, लाल कोपऱ्यावरून. दुसरा हात झाकणावर.

मला पाहून ती खूश झाली. "आईचं," म्हणाली. "आईनं काढलं."

तिला मी कधी उचललं, हात किती वेळा साबणानं धुतले, आठवत नाही. झाकण घट्ट होतं. सासूबाई विचारत राहिल्या, "झालं काय? बोल ना पोरी!" संघर्षनं पेटी पाहिली, किल्ली पाहिली आणि खाली बसला. मी फोन उचलला.

"भाऊ, तो लोगो चालणार नाही."

"वहिनी, फाइल अमरावतीले गेली. उद्या छापाले घेऊन राह्यले."

"थांबवा. तो औषधाच्या डब्यावरचा आकार आहे. माझ्याच डोक्यात बसलेला, माझ्याच हातून उतरला."

"असन. पन बाटली कोनती आन् औषध कोनतं, मानसाले समजते ना."

"माणसाला समजते. तांड्यावरची पोरं काय बघून ओळखतात? आज मैत्रीनं पाणी पिलं त्यातलं. मीच पी म्हटलं. मग पेटीतली बाटली घेऊन बसली. म्हणते, आईनं काढलं."

मग त्यांनी विचारलं, "पोरगी?"

"बरी आहे. झाकण उघडलं नाही."

"शंकरच्या पोरीले मीच शिकवलं," ते हळू म्हणाले. "चौकट दिसली का हात नाही लावाचा. आन् मीच तिच्या शाळेत ह्या बाटल्या वाटाले निघालो होतो." मग आवाज चढवून, "छापनं मी बंद करतो. पन तुमी मले उद्या सकाळपर्यंत दुसरं द्या. तो बिनमानेचा पहिलवान परत नाही पाहिजे मले!"

"देते."

"काय देता? सांगा तरी."

मी संघर्षकडं पाहिलं. कबड्डीत बाद झालेल्याला हे लोक मनगटाला धरून उठवतात, तसं तो कधीकधी मलाही जमिनीवरून उठवतो. "हाताला धरून उठवणारा हात," मी म्हटलं. "गोलात. कोपरा एकही नाही."

"गोलच ठेवा बाप्पा," ते म्हणाले.

नमुन्याची बाटली उरलीच. चांगली होती, सासूबाईंना फेकवेना. मी मैत्रीला कडेवर घेतलं, तिच्या देखत ती बाटली औषधांच्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. संघर्षनं किल्ली काढून आपल्या कमरेच्या करगोट्याला बांधली.

"आईचं," मैत्री म्हणाली.

"आईचं चुकलं. चौकट दिसली की?"

ती विचारात पडली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी हसले नाही. शेवटी तिनं एक हात पाठीमागं नेला. दुसऱ्यानं माझा पदर धरून ठेवला.