एक कप मैदा म्हणजे किती?

मी एक कप बोलतोय. टेबलाच्या कोपऱ्यात पोटात पेन्सिली घेऊन उभा आहे ना, तोच मी. मला कान नाही. कपाचा कान तुटला की लोकांच्या लेखी तो कामातून गेला. पण कान तुटला तरी ऐकू येतं बरं का! आणि या घरात मी जे ऐकलं, ते आता माझ्या एवढ्या मोठ्या पोटातही मावत नाही.

पोट माझं पहिल्यापासूनच मोठं. कारखान्यात आमचा साचाच तसा होता. सकाळी एकदाच, पण भरपूर चहा पिणाऱ्यांसाठी आम्हाला घडवलं होतं. भट्टीतून निघालो तेव्हा काठाखाली एक निळी रेघ ओढली गेली आणि मी दुकानात जाऊन बसलो. तिथून मला काकांनी उचललं. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांना इतर कपांतला चहा पुरायचाच नाही. "हा कसा कपासारखा कप आहे," असं ते म्हणाले आणि मला घरी घेऊन आले.

एकदा भांडी घासताना मी मावशीच्या हातून निसटलो आणि कान गमावून बसलो. काका म्हणाले, "फेकून दे आता."

"फेकायचं काय त्यात? धड तर आहे," मावशी म्हणाली आणि तिने मला पुसून थेट मैद्याच्या डब्यात ठेवलं. तेव्हापासून माझा चहा सुटला तो सुटलाच. मी मापाचा कप झालो, आणि खरं सांगू, मला ते फार आवडलं. चहाचा कप दिवसातून दोनदा लागतो. मावशीला मी दिवसभर लागायचो.

मावशी बिस्किटं करायची. आधी घरापुरती, मग शेजाऱ्यांसाठी, आणि काका गेल्यावर तर ऑर्डर घेऊनच. साधी बटर बिस्किटं, आल्याची, ओटची. दवाखान्यातल्या नर्स ड्यूटी संपली की तिच्या दारात डबा घेऊन उभ्या राहायच्या. घरात वजनकाटा नव्हता, लागलाही नाही कधी. दोन कप मैदा, एक कप साखर, बटरचं एक पाकीट, एक अंडं. माझ्यात मैदा भरायचा, तळहाताची कड काठावरून सरकन फिरवायची आणि परातीत पालथा करायचा. कप म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर मीच. दुसऱ्या कुठल्या मापाचा कप जगात असतो, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. बिस्किटं निघायची ती मात्र एकसारखी, गोल, कडेला कुरकुरीत आणि मध्ये जरा मऊ.

सुट्टीत भाची यायची. मावशीच्या बहिणीची मुलगी. ओव्हनसमोर फतकल मारून बसायची आणि काचेतून बघत राहायची. "फुगली गं मावशी, फुगली!" असं ओरडून घर डोक्यावर घ्यायची. कच्चं पीठ चाटताना पकडली गेली की मावशी तिला माझ्या तळाशी राहिलेली साखर बोटाने निपटून द्यायची. लाडाने तिला चिमणे म्हणायची. ही चिमणी पुढे मोठी झाली, खाण्यापिण्यावर लिहायला लागली, चार लोकांत तिचं नाव झालं. मग एके दिवशी ती आली ती पुस्तकाची कल्पना घेऊनच.

"मावशी, तू नुसतं सांगत जा. मी टाइप करते."

"माझ्या बिस्किटांचं पुस्तक? वेड लागलंय तुला! कोण घेणार?"

"सगळे घेतील. सांग, मैदा किती?"

"दोन कप."

"साखर?"

"एक कप. सपाट हं, शिगोशीग नाही."

मी डब्यात बसून हे ऐकत होतो आणि फुगत होतो. बटर बिस्किटांत कप, आल्याच्या बिस्किटांत कप, ओटच्यांत कप. म्हणजे पानापानावर मीच की! एवढा मान आमच्या साच्यातल्या कुणाला मिळाला नसेल.

मग फोटो काढायचा दिवस आला. मावशीने ताजी बिस्किटं करून जाळीवर मांडली, शेजारी मला ठेवलं. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हा नको. तुटका आहे. पानावर कळा येत नाही." भाचीने लगेच पिशवीतून एका कडीत ओवलेले चकचकीत स्टीलचे मापाचे कप काढले. माझ्या जागी त्यांची आरास झाली. बिस्किटं माझ्या मापाची, आणि फोटोत मिरवणार ते! मला राग आला, पण मावशी हरखून गेली होती.

"किती गं गोड आहेत!"

"तुझ्यासाठीच आणलेत. आता हेच वापर. आणि याला मी नेते. माझ्या टेबलावर ठेवीन, तुझी आठवण म्हणून."

आठवण म्हटल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला. मी भाचीच्या पिशवीत बसून तिच्या घरी आलो, पोटात पेन्सिली आल्या, आणि आपण आता लेखिकेच्या टेबलावर राहणार म्हणून ऐटीत उभा राहिलो. वेडा कुठला!

पुस्तक देखणं झालं. पहिल्या पानावर एकच ओळ होती, 'माझ्या मावशीला, जिचा हात कधी चुकत नाही.' भाचीने ती ओळ फोनवर मावशीला वाचून दाखवली, तेव्हा पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता. पुस्तक खपलं. दुसरी आवृत्ती निघायची ठरली. केकच्या पुढच्या पुस्तकाचा करार येऊन माझ्या शेजारी पडला.

आणि मग एका दुपारी त्या बाई आल्या. त्या वर्तमानपत्रात पाककृतींच्या पुस्तकांवर लिहायच्या. मागे बांधलेले पांढरे केस, हातात पत्र्याचा डबा. खुर्चीत टेकल्या न टेकल्या तोच म्हणाल्या, "बेकिंगचं पुस्तक आलं की मी आधी बिस्किटांचं प्रकरण उघडते. केकला वरून क्रीम थापून झाकता येतं. बिस्किटाला झाकायला काही नसतं. म्हणून पुस्तक खरं की खोटं ते बिस्किटं सांगतात."

त्यांनी डबा उघडला. आत एक पातळ, तेलकट, काठाला करपलेली पोपडी होती. बाईंनी सुरीने तिचे तुकडे करून आणले होते.

"ट्रेभर मिळून एकच बिस्किट झालंय. तुमची साधी बटर बिस्किटं. आल्याची आणि ओटचीही हीच गत. तुम्ही लिहिलंय तसंच केलं, अक्षर इकडचं तिकडे केलं नाही."

भाची हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "ओव्हनचा फरक पडतो हो."

"म्हणून शेजारणीच्या ओव्हनमध्येही करून पाहिली. मग मैदा बराच वाढवला, थोडी साखर वाढवली, तेव्हा कुठे आकार आला. तुम्ही स्वतः पुस्तक समोर ठेवून एकदा तरी केली होतीत का?"

"मावशी करते ना. आयुष्यभर करतेय."

"मावशी थोड्याच पुस्तकात बघून करतात? बरं, मापं कशाने घेतली होती? छापण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं. उगाच कुणाच्या कष्टांवर शाई ओतायची नाही मला."

मी जागच्या जागी तडफडत होतो. अहो बाई, माझ्याकडे बघा! मी आहे ते माप! त्यांनी हात पुढे केला, माझ्या पोटातली पेन्सिल उचलली, कागदावर काहीतरी टिपलं आणि पेन्सिल पुन्हा माझ्यात ठेवून दिली. उत्तर त्यांच्या बोटांना लागून गेलं आणि त्यांना कळलंसुद्धा नाही.

"बघून सांगते," भाची म्हणाली.

बाई गेल्या. भाचीने त्या पोपडीचा एक तुकडा उचलून बोटांत मोडून पाहिला. मग तिची नजर माझ्यावर आली. तिने पेन्सिली बाहेर ओतल्या, मला धुतलं, कोरडं केलं. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात मैदा पडला. तिने तळहाताची कड माझ्या काठावरून फिरवली, अगदी मावशीसारखी, आणि तो मैदा स्वतःच्या घरातल्या तसल्याच स्टीलच्या कपात ओतायला लागली. स्टीलचा कप काठोकाठ भरला. मी अजून रिकामा झालो नव्हतो. ती ओतत राहिली. मैद्याचा डोंगर झाला, तो ढासळला आणि टेबलभर पसरला.

"अगं आई गं!" ती तोंडावर हात ठेवून म्हणाली.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सुटलो एकदाचा, असं वाटलं. आता ही सगळ्यांना सांगेल की मावशीचा कप मोठा होता, पुस्तक वाचणाऱ्यांकडचे मापाचे कप लहान. बटरचं पाकीट तेवढंच राहिलं आणि मैदा कमी पडला, म्हणून बिस्किटं पसरली. चूक कुणाचीच नाही म्हटलं तरी चालेल, नुसतं विचारायचं राहून गेलं. तिने फोन उचलला, मावशीचा नंबर लावला. आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. मग करारावर सांडलेला मैदा तिने फुंकर मारून उडवला. टेबल पुसलं. पेन्सिली एकेक करून माझ्यात परत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून ती बाईंशी फोनवर बोलली.

"काय सांगू तुम्हाला, मावशीचं वय झालंय हो. सगळं अंदाजाने चालतं तिचं. सांगताना गोंधळ झाला असणार तिच्याकडून. मी आपली तिच्यावर विश्वास ठेवून बसले."

विश्वास ठेवून! अगं, तिच्या हातची साखर माझ्या तळातून बोटाने निपटून खाल्लीस तू. काल माझा मैदा स्वतःच्या डोळ्यांनी सांडताना पाहिलास. मला कान नाही याचं वाईट कधी वाटलं नव्हतं, त्या दिवशी तोंड नाही याचं वाटलं.

वर्तमानपत्रात छापून आलं. बिस्किटांचं प्रकरण भरवशाचं नाही, आणि लेखिकेच्या सांगण्यानुसार मापं त्यांच्या वयस्कर मावशींनी अंदाजाने दिली होती. बाईंना तरी काय दोष द्यायचा? त्यांना जे सांगितलं ते त्यांनी छापलं. दुसऱ्या आवृत्तीत भाचीने गुपचूप मापं बदलली का? नाही. बदलली असती तर आधीची का चुकली हे सांगावं लागलं असतं.

त्यानंतर मावशी आली. मला वाटलं, आता भांडेल, भाचीचा कान पिळेल. पण ती खुर्चीत बसली ती जरा संकोचूनच.

"चिमणे, माझ्यामुळे तुझं नाव खराब झालं गं."

"असं काय बोलतेस मावशी?"

"खरंच बोलतेय. तुझं काही चुकलेलं नाही. माझा हातच गेला. तू दिलेल्या त्या छान कपांनी करते, तरी सगळी बिस्किटं एकमेकांना चिकटून बसतात. बटर बदललं, ओव्हन दाखवून आणला. मग पेपरात वाचलं आणि म्हटलं, बरोबर आहे, वय झालं आपलं. ऑर्डर बंद केल्या मी. त्या नर्स येऊन गेल्या, तर दार उघडायलाही लाज वाटली."

भाचीचा चेहरा उतरला. एक शब्द पुरे होता. "आराम कर जरा," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात मावशीची नजर माझ्यावर पडली. "अय्या, हा अजून आहे होय!" तिने मला पेन्सिलींसकट उचललं. तिचा तळहात माझ्या काठावर आला, त्याच्या ओळखीच्या जागेवर. "देतेस हा मला? याच्याने करायचे तेव्हा सगळं सरळ व्हायचं बघ. एकदा करून बघते."

हो, मावशी, ने मला! एकदाच कर. एका घाण्यात कळेल तुला.

भाचीने हळूच मला तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे ना गं माझ्याकडे. तुझी आठवण आहे ही."

मावशीचे डोळे भरून आले. "एवढा जीव आहे होय तुझा माझ्यावर!" तिने भाचीच्या गालावरून हात फिरवला, मला रुमालाने पुसलं आणि निघून गेली. दार लागल्यावर भाची रडली. ते रडणं खोटं नव्हतं, पण त्याने मावशीचा ओव्हन काही पेटला नाही.

काल तिने पेन्सिलींसाठी लाकडी डबा आणलाय आणि कपाटाचा वरचा कप्पा मोकळा केलाय. माझं पुढे काय होणार ते मला कळून चुकलंय. म्हणून जाता जाता तुम्हाला विनवतो. तुमच्या घरी ते पुस्तक असेल, तुमची बिस्किटं ट्रेभर पसरत असतील, तर स्वतःच्या हाताला नावं ठेवू नका आणि मावशीलाही ठेवू नका. पोटाने मोठा कप घ्या, मैदा आणि साखर त्याने मोजा. त्या पुस्तकातलं बिस्किटांचं एकही माप खरं नाही. खरी आहे ती फक्त पहिल्या पानावरची ओळ. तेवढी ओळ कुणीतरी मावशीला पुन्हा वाचून दाखवा.