जोडव्यासाठी सोडलेली पट्टी

माझ्या उजव्या पायाचा अंगठा इतका वाकडा झालेला की शेजारच्या बोटावर चढून बसायचा, आणि बाजूने सुपारीएवढं हाड बाहेर. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन कोपरीतल्या बिल्डिंगींचे जिने चढायचे म्हणजे जीव जायचा. पण पाटी फिरली तरच आमची चूल पेटते. डोंबिवलीला मानपाडा रोडवर एक डॉक्टर बारीकशा भोकातून हाड कापून अंगठा सरळ करतो, असं कळलं. आषाढात होड्या काठालाच असतात, म्हणून तेव्हाच करून घेतलं.

डॉक्टर चांगला माणूस. म्हणाला, "मावशी, आत खिळा नाही, वर प्लास्टर नाही. ही चिकटपट्टीच हाड धरून ठेवणार. माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

पट्टी शेजारच्या बोटावरूनही घेतलेली, म्हणून त्या पायातलं जोडवं काढावं लागलं. इथेच घोडं पेंड खायला लागलं. नारळी पौर्णिमेला माझा नवरा देवराम होडी काढणार आणि बायकोच्या पायात जोडवं नाही! कोळीवाड्यात बाया कुजबुजायला लागल्या. मी म्हटलं, दुसऱ्या पायात आहे ना, दर्याला तेवढं दिसेल. देवराम उठून होडीकडे गेला.

मग नणंद भागीरथी म्हणाली, मी डॉक्टरला विचारून येते. संध्याकाळी आली ती हसतच. डॉक्टर म्हणाला, जरा सोडा, जोडवं घाला, परत बांधा. माझ्यासाठी एवढी डोंबिवलीपर्यंत गेली म्हणून मला भरून आलं. तिनेच पट्टी सोडली, जोडवं चढवलं, वरून परत गुंडाळली. नंतर पाय ठणकायला लागला, तर मला वाटलं हाड जुळतंय.

डॉक्टरने दिलेल्या तारखेला गेले तर डॉक्टर जोडव्याकडे बघतच राहिला. त्याच्याकडे कुणी विचारायला आलंच नव्हतं. त्याने एक्स-रे काढला. हाड सरकून तसंच वाकडं धरलेलं. आता भार तळव्यावर येणार, म्हणाला, ओझं आणि जिने विसरा. बाहेर माझ्यामागून ऑपरेशन झालेली एक बाई चपला घालून मस्त फेऱ्या मारत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन भागीरथीला धरलं. ती रडायला लागली आणि भावाकडे बघायला लागली. देवराम जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "तिला नको बोलू. मीच सांगितलेलं, असं सांग म्हणून. तुझ्या पायात जोडवं नसताना दर्यावर जायला भ्यायलो मी."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हटलं असतंस."

झालं. लग्न झाल्यापासून हा मासळी माझ्यापुढे टाकतो आणि मी काय भावाने विकली ते कधी विचारत नाही, एवढा भरवसा. आणि माझ्या पायाचं मलाच विचारलं नाही. भागीरथीवरचा राग गेला माझा. ह्याच्यावरचा नाही जाणार.

सकाळी त्याने नेहमीसारखी भरलेली पाटी आणून माझ्यापुढे ठेवली. मी उठले नाही.

"उचल," मी म्हटलं. "कोपरीत गिऱ्हाइकं खोळंबलीत. आजपासून तू वीक."

आमच्यात पुरुष दारोदार मासळी विकत नाही. त्याने आधी दाराबाहेर बघितलं, शेजारपाजारी कुणी ऐकलं का म्हणून. मग मी तेच परत सांगितलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.