ताणावरचं झाड

दादाने नवी गाडी घेतली आणि ती लावायची कुठे, यावरून घर डोक्यावर घेतलं. अंगणात मोकळी जागा एकच, आणि तिथे अप्पांचं संत्र्याचं झाड. झाड कसलं, नुसता पानांचा पसारा! इतकी वर्षं खाऊनपिऊन तगडं झालेलं, पण फळ म्हणाल तर नावाला. जी चारदोन लागत, ती इतकी कोरडी की वहिनी म्हणे, यापेक्षा रबर चघळलेलं बरं.

"यंदा फुललं तर राहील," दादाने निकाल दिला. "नाहीतर करवत."

अप्पा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. बंद पडलेली वस्तू टाकून द्यायची, हे त्यांच्या रक्तातच नाही. "लाडावलंय ते," ते म्हणाले. "यंदा ताण देतो."

ताण म्हणजे पाणी तोडायचं. ऐन कोरड्या दिवसांत झाडाला उपाशी ठेवायचं. पानं माना टाकतात, पिवळी पडतात, गळतात. झाडाला कळून चुकतं की आपलं काही खरं नाही. मग खत घालून भरपूर पाणी दिलं की ते फुलांनी लगडतं. मात्र मध्येच कोणी पाणी पाजलं, तर सगळं मुसळ केरात!

"कोणी थेंब घालायचा नाही," अप्पांनी सगळ्यांना बजावलं. "दया फारच आली तर माझ्यावर करा."

हे चिमीनेही ऐकलं. चिमी म्हणजे अप्पांची धाकटी. चाळिशीला आली तरी घरात चिमीच. तिचा नवरा बांधकामावर मुकादम होता. परांची कोसळली आणि गेला. अप्पा तिला माहेरी घेऊन आले. तेव्हापासून वाढलं तर जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. डोळ्यांत टिपूस नाही. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं, सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, चिमीने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. भेटायला येणारे म्हणत, धीर धर. "धरला," ती म्हणायची, आणि भिंतीकडे बघत बसायची. तिच्यासमोर घरातले सगळे कुजबुजत बोलायचे. साधा चमचा पडला तरी वहिनी जीभ चावायची.

एका दुपारी सगळे झोपले असताना चिमी उठली. खिडकीतून झाड दिसलं. निम्मी पानं खाली, उरलेली सुरळी झालेली. तिने धुण्याच्या दगडाजवळची बादली उचलली, बुंध्याशी रिकामी केली आणि येऊन पुन्हा आडवी झाली. का केलं, तर तिलाही सांगता आलं नसतं. बरं वाटलं, असंही नाही. काहीच वाटलं नाही. पण दुसऱ्या दुपारीही ती उठली. तिसऱ्याही. ओल दिसू नये म्हणून वरून कोरडी माती भुरभुरायची. ही चोराची अक्कल तिला कुठून सुचली कोण जाणे!

ताणाचे दिवस संपले. अप्पांनी खत घातलं, आळं तुडुंब भरलं. घर वाट बघत राहिलं. झाडाला पालवी आली, ती काय सुरेख आली! कळी मात्र औषधालासुद्धा नाही.

"अप्पा, झाडाने तुमचीच फिरकी घेतली," दादा म्हणाला.

"झाडाचा दोष नाही रे. मीच चोरून पाणी घालत होतो. राहवेना मला."

दादाने कपाळावर हात मारला. "म्हणजे तुम्हीच सांगायचं आणि तुम्हीच मोडायचं? धन्य आहे!" आणि त्याने लाकूडवाल्याला निरोप धाडला.

चिमी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मग आत जाऊन पुन्हा भिंतीकडे बघत बसली.

लाकूडवाला सकाळीच आला. आधी फांद्या उतरवल्या, मग बुंध्याला करवत लावली. अप्पा पायरीवर बसले होते. चिमी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"अप्पा, पाणी मी घातलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मातीत बोट खुपसलं की कळतं, बाई."

"मग मला अडवलं का नाही?"

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "इथे आल्यापासून तू आपणहून एकदा तरी उठली होतीस का? त्या दुपारी उठलीस. बादली उचललीस. तेवढ्यासाठीच उठत होतीस तू. ते कसं बंद करू?"

करवत थांबली. झाड कललं आणि भुईला टेकलं. चिमी ताडकन उभी राहिली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती ओरडली. "तुमचं झाड होतं ते! माझ्यापायी मारलंत! शब्दाने बोलला असतात तर थांबले असते ना मी! सगळेच असे गप्प बसता, सगळेच! तोही त्या दिवशी सकाळी गप्पच कामावर गेला, डबासुद्धा न घेता, आणि मी विचारलंसुद्धा नाही, काय झालं म्हणून!"

वहिनी धावत बाहेर आली. दादा गाडीची किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला. तो "चिमे, अगं हळू," असं म्हणायला लागला, तर अप्पांनी हाताने त्याला गप्प केलं.

"ओरड," ते तिला म्हणाले. "अजून ओरड."