पाहुण्याचं ओझं

शिल्हाण गावात देवाचा कायदा एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही पाठ. दोन उभ्या शिळांच्या आत आलेल्या आणि इथली भाकर खाल्लेल्या माणसाला बाहेरच्यांच्या हवाली करायचं नाही. त्याचं ओझं उघडून बघायचं नाही. आणि तो निघाला की यजमानानं ते ओझं आपल्या पाठीवर घेऊन शिळांच्या पलीकडे नेऊन ठेवायचं. गावदेव जेठा नागानं हे कधी सांगितलं, कुणाला सांगितलं, ते विचारू नका. आजोबांच्या आजोबांनाही ते असंच ठाऊक होतं. खून करून आलेले इथे राहून गेलेत, घरच्यांच्या नाकावर टिच्चून लग्न केलेली पोरं राहून गेलीत. पोलीस आलेच, तर शिळांपाशी कमरेचा चामडी पट्टा आणि बूट काढणार, चहा पिणार आणि बहुधा तिथूनच परत फिरणार.

सरकारचा कायदा मात्र दर वळणावर वेगळा. भांगेचं पान घोटून प्यालात तर चालतं. बी भाजून चटणी केलीत तर चालतं. सालीचा दोर वळून देवळात घालायचे जोडे केलेत, तर कुल्लूच्या जत्रेत साहेब लोक येऊन फोटो काढतात. त्याच झाडाचा शेंडा तळहातांत मळलात, की झाला चरस, आणि चला तुरुंगात. खिमी देवीला हा हिशेब कधी उमगला नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की तिचा टेकू मिसरूड फुटायच्या वयात असा माल घेऊन जाताना पुलावर सापडला आणि शिक्षा भोगून आला.

तो सुटून आला त्या दिवशी तिनं त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. आधी देवळात नेलं, घंटेला हात लावायला सांगितलं आणि म्हणवून घेतलं, "पुन्हा मळलं तर नागा, डस मला." टेकूनं ती शपथ पाळली. मळणीच्या दिवसांत गावातल्या बायाबापड्यांचे तळहात काळेकुट्ट होतात, टेकूचे स्वच्छ असायचे. पोरं चिडवायची, "काय टेक राम, मास्तर झालात की काय?" तो हसायचा आणि अक्रोडाच्या फळ्या रंधत बसायचा. त्याच फळ्यांनी त्यानं घरावर पाहुण्यांसाठी खोल्या चढवल्या. वकिलानं बजावलं होतं, दुसऱ्यांदा सापडला तर शिक्षा पहिल्यासारखी नसेल, पोरगा म्हातारा होऊनच बाहेर येईल. नवरा गेल्यावर खिमीला दुसरं कोण होतं? त्या एका वाक्याच्या धाकात ती जगत होती.

इशान बत्रा हा त्या खोल्यांमधला सगळ्यांत जुना पाहुणा. दिल्लीचा. देशोदेशी हिंडायचं, गांजा कुठे चालतो आणि कुठे चालत नाही ते बघायचं, आणि मोबाइलवर व्हिडिओ करून लोकांना सांगायचं, हा त्याचा धंदा. खिमीला पहिल्यांदा ऐकून हसू आवरेना.

"बापाला ठाऊक आहे का रे हे?"

"बापच तर पैसे देतो, आमा."

आमा म्हणजे आई. आल्या दिवशीच शिकला होता. शेगडीपाशी बसून, वाफाळत्या सिड्डूवर, म्हणजे सारण भरून उकडलेल्या भाकरीवर, तूप ओतून घेत तो एकेक देश सांगायचा. हॉलंडात म्हणे दुकानाच्या पुढच्या दारानं विकलेलं चालतं, पण मागच्या दारानं आणलेलं चालत नाही.

"मग दुकानात येतं कुठून? आभाळातून?" खिमी विचारायची.

"ते कुणी विचारत नाही. उरुग्वेत फक्त तिथल्या माणसाला मिळतं, पाहुण्याला नाही."

"शहाणे आहेत बाबा."

"थायलंडात सरकारनं आधी रोपं फुकट वाटली, मग म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी आणा."

"सरकार तिकडचं झालं म्हणून काय, शेवटी सरकारच."

"पण एक गोष्ट जगात कुठेही जा, सारखीच," इशान बोटं चाटत म्हणाला होता. "ज्याच्या अंगावर सापडलं, त्याचं. मग तो घसा फोडून ओरडेना का."

"ते मला नको शिकवूस," टेकू म्हणाला, आणि तिघंही पोट धरून हसले.

त्या शरदात पुलावर पोलिसांनी नाका लावला. इशानची गाडी अडवली. गाडी चालवणारा मित्र मालासकट सापडला. इशान मागच्या दारानं उडी टाकून देवदारांत घुसला आणि वर चढत सुटला. खिमी छपरावर मका वाळवत होती. शिळांमधून तो येताना दिसला, गुडघे फुटलेले, पाठीला बॅग. ती खाली उतरली आणि त्यानं तोंड उघडायच्या आत त्याच्या हातावर तूप लावलेली भाकर ठेवली. त्यानं घास घेतला. विषय संपला.

टेकू रानातून आला तो भडकला. "भाकर कशाला दिलीस, आमा? आधी विचारायचं तरी."

"उपाशी माणसाची उलटतपासणी घेऊ?"

"त्याच्या बॅगेत काय असेल ते कळतंय का तुला?"

"पाहुण्याचं ओझं आहे ते. दुसरं काय असणार?"

दुसऱ्या दिवशी ठाणेदार आला. खालच्याच खोऱ्यातला माणूस, रीत जाणणारा. पट्टा काढून शिळेवर ठेवला आणि बाहेरच बसला. देवाचा कारभार बघणारा कारदार हीरामणी, म्हणजे खिमीचा थोरला दीर, आणि खिमी असे दोघं आतल्या बाजूला बसले.

"काकू, तो पोरगा तुमचा कोण लागतो?"

"पाहुणा."

"तुमच्या पोराला मीच पकडलं होतं. आता चांगला वागतोय, मी बघतो ना. कशाला नसती ब्याद अंगावर घेता? पाहुणा द्या, मी जातो. नाहीतर मला भांगेची शेतं कापावी लागतील, वरून हुकूम आहे."

"भाकर खाल्लीय त्यानं."

ठाणेदारानं कारदाराकडे पाहिलं. कारदार म्हणाला, "यजमानीण ती. तिच्या तोंडचा शब्द, तो गावाचा."

शेतं शिळांच्या बाहेर. ती कापली. ऐन मळणीच्या तोंडावर गावाची वर्षाची कमाई आडवी झाली, पण पाहुणा देऊन टाक असं कुणी म्हणालं नाही. पाणवठ्यावर मात्र बाया सुनावायला चुकल्या नाहीत. "खिमे, जावयाचा मुक्काम अजून किती दिवस गं?" खिमीनं ऐकून घेतलं. तिला आत कुठेतरी बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. देवाचा कायदा तिच्या घरानं राखला होता.

मग इशानचा बाप वकील घेऊन खालच्या रस्त्यावर आला. फोनवर बोलणी झाली. इशान शेगडीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आमा, मी स्वतःहून जातो. माझ्यापायी गावाचं आणखी वाटोळं नको."

खिमीचे डोळे भरून आले. असं पोर लाखात एक, असं तिला वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "टेक भाई बॅग घेईल ना? तुमची रीत आहे ना, शिळांपलीकडे नेऊन ठेवायची?"

टेकूनं बॅगेकडे पाहिलं. "तुझी तूच घे की. हलकी तर आहे."

"टेकू," खिमी कडाडली. "घरच्या रीतीची आठवण पाहुण्यानं करून द्यावी लागते. लाज वाटू दे थोडी."

टेकूनं आईकडे पाहिलं, आणि बॅग पाठीला लावली.

शिळांच्या बाहेर ठाणेदार होता, वकील होता, आणि खुर्ची टाकून एक मोठा साहेबही बसला होता. आपली झडती मोठ्या अधिकाऱ्यासमोरच व्हावी, असं इशाननं आधीच मागून घेतलं होतं. कायदा पाठ होता ना त्याला. तो मोकळ्या हातांनी पुढे गेला. खिशांत मोबाइल आणि कंगवा, बाकी काही नाही. मागून टेकू आला, शिळा ओलांडून एक पाऊल पुढे टाकलं आणि बॅग उतरवायला वाकला.

"थांब," ठाणेदार म्हणाला. "पाठीवरच राहू दे."

वर दोन लोकरी बनियन निघाली. खाली चिकटपट्टीनं बांधलेला पुडा. तराजू आणलेलाच होता. माल किलोच्या वर गेला, म्हणजे जामीन विसरा.

"बॅग माझीच आहे," इशान हळू आवाजात, शहाण्या मुलासारखा म्हणाला. "पण इतके दिवस ती यांच्या घरात होती. कुणी काय घातलं, मला काय माहीत?"

टेकूनं दोन्ही तळहात ठाणेदारासमोर पसरले. स्वच्छ हात, रंध्यानं घट्टे पडलेले. ठाणेदारानं ते पाहिले आणि मान वळवली. "आतच थांबला असतास तर मला हात लावता आला नसता रे," तो पुटपुटला आणि बेड्या काढल्या.

खिमी शिळांमधून धावत बाहेर आली आणि इशानच्या समोर उभी राहिली. "माझ्या डोळ्यांत बघ. जेठा नागाची शपथ घेऊन सांग, कुणाचं आहे ते."

इशान तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "आमा, मी आता हद्दीच्या बाहेर आहे."

मेल्याला दोन्ही कायदे येत होते, खिमीला एकच. पळून येताना वाटेत खोल दरी होती, खळाळती नदी होती, त्याला तो पुडा भिरकावून देता आला असता. पण माल टाकवला नाही त्याला, आणि माणूस टाकताना हातही थरथरला नाही.

पुलावरचा माल मित्राच्या माथी पडला, या पुड्याचा इशान साक्षीदार झाला आणि बापाच्या गाडीतून गेला. टेकू तुरुंगात गेला तो गेलाच. गावानं देवाला कौल लावला. देव ज्याच्या तोंडून बोलतो त्या माणसाला तिथे गूर म्हणतात; त्याच्या अंगात नाग आला, गूर थरथरला आणि बोलला की पाहुणा हद्दीबाहेर गेला, तिथवर माझी नजर नाही.

"मग माझा टेकूही बाहेरच आहे," खिमी म्हणाली. "त्याच्याकडेही बघणार नाहीस?"

गूर थरथरायचा थांबला. नाग अंगातून उतरला होता.

उन्हाळ्यात इशानचा व्हिडिओ आला. जगात कुठे कुठे निवांत जाता येतं, त्यात शिल्हाणचं नाव. लोक साधे, कायदा देवाचा, आमाच्या हातचा सिड्डू चुकवू नका. टेकूचं नाव नव्हतं. मग रीघ लागली. जो तो खिमीचंच घर विचारत यायचा.

एका दुपारी पावसात भिजून गारठलेला एक पोरगा शिळांमधून आत आला, उभ्यानं कापत होता. "आमा, भाकर मिळेल?"

"बॅग आण आधी."

तिनं बॅग त्याच्या हातातून ओढली, चेन उघडली आणि सगळं अंगणात उलटं केलं. मोजे, औषधं, कुणा मुलीचा फोटो. पोरगा बघतच राहिला. ओट्यावर बसलेला कारदार दचकून उठला.

"खिमे, पाहुण्याचं ओझं उघडतेस? नाग कोपेल."

"कोपू दे, भावजी. माझ्या घरात डसायला उरलंय काय?" तिनं एकेक मोजा उलटा करून झटकला. "आणि त्याला निरोप द्या. उद्या तो स्वतः माझ्या दारात जेवायला आला, तरी त्याचीसुद्धा पिशवी मी आधी उघडून बघणार."

मग तिनं त्या पोराला भाकर दिली. तूप दिलं नाही.