उभी बाटली

भिंतीला हात टेकून, गुडघा सांभाळत मिस्त्री तळघराची शेवटची पायरी उतरले. ते सगळ्यांत खालच्या कोनाड्यापुढे उकिडवे बसले आणि बाटलीला हात घालणार, तेवढ्यात मेहुण्याने मागून टॉर्च पुढे केला.

“भाऊजी, ही उभी का?”

वरच्या कोनाड्यांतल्या बाटल्या आडव्या होत्या, अंगावर धूळ घेऊन निवांत पडलेल्या. फक्त ही एक ताठ उभी होती.

“कधीपासून?”

“तुझी ताई गेल्यापासून.”

मेहुण्याने टॉर्च खाली केला. मग हलक्या आवाजात, पण सगळंच बोलून घेतलं. बूच ओलं राहावं म्हणून तर बाटली आडवी ठेवायची. उभी राहिली की बूच सुकतं, आखडतं, आतला वायू हळूहळू निघून जातो. हे ताईनेच सगळ्यांना पढवलेलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर गोष्ट वेगळी, पण मिस्त्रींनी करावं? आणि तेही नेमकं याच बाटलीचं?

मिस्त्रींना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी हयातभर फरश्या बसवल्या होत्या, आणि हे कोनाडेही त्यांनीच बांधले होते. रस्त्याच्या बाजूची भिंत गाड्यांनी थरथरते म्हणून ती सोडली, मागची निवडली, कारण ती ऐन उन्हाळ्यातही हाताला गार लागायची. एकेक वीट लेव्हल लावून बसवली. बायको पायरीवर बसून बघायची आणि म्हणायची, झोपणाऱ्याला अंथरूण सपाट लागतं हो, नीट करा.

बाटली निवडायचं काम तिचं, सांभाळायचं यांचं. ती पावाच्या बेकरीत कामाला होती आणि तिच्या नाकाला सगळी गल्ली मानायची. मिस्त्रींचं नाक चष्मा टेकवण्यापुरतं, असं ती चारचौघांत सांगायची. दर वर्षी दोघं वाइनच्या दुकानात जायचे आणि एकच बाटली आणायचे. फेसाळ, पांढरी, आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची. असली वाइन दर वर्षी करत नाहीत. पीक मनासारखं उतरलं तरच करतात आणि बाटलीवर ते साल घालतात.

ही बाटली घेतली त्या दिवशी मेहुणा बरोबर होता. त्याचं चष्म्यांचं दुकान. पण प्रत्येक गोष्टीला गुण द्यायची त्याला खोड, म्हणून घरात त्याला परीक्षक म्हणत. दुकानातल्या बाईने दोन वाइन चाखायला दिल्या. पहिली भरघोस उन्हाच्या सालातली, पहिल्याच घोटाला खूश करणारी. दुसरी थंड सालातली, द्राक्षं उशिरा पिकलेली. ती जिभेवर पडताच परीक्षकाने एक डोळा मिटला.

“ताई, ही वाइन आहे की शिक्षा?”

सगळं दुकान हसलं. ताई हसली नाही. तिने पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, “हे नुसतं मळलेलं पीठ आहे. भट्टी लागायचीय अजून. आंबट आहे म्हणूनच टिकेल. एक तप थांब, मग तूच ग्लास पुढे करशील.”

आणि तिने दुसरी घेतली.

तेव्हापासून घरी आला की दारातूनच परीक्षक विचारायचा, लिंबूपाणी कसं आहे? ती अंथरुणाला खिळली तेव्हाही त्याने हे विचारणं सोडलं नाही, आणि तिनेही उत्तर देणं सोडलं नाही. “वाढतंय,” म्हणायची. शेवटी शेवटी तेवढा एकच शब्द तिला नीट बोलता यायचा.

आता ते तप पुरं झालं होतं. लेक मुद्दाम सुट्टी काढून आली होती. वर जेवणघरात बर्फाची बादली तयार होती.

“असं केलंत तरी का?” मेहुण्याने पुन्हा विचारलं.

मिस्त्रींनी बाटली छातीशी धरली आणि भिंतीच्या आधाराने उठले.

“सगळं घरच आडवं झालं होतं रे,” ते म्हणाले. “तिला दिसावं म्हणून घड्याळसुद्धा खाली उतरवलं होतं. ती गेली आणि मी इथे आलो, तर ही पण पडलेली.”

मेहुण्याने टॉर्च बंद केला. जिना चढताना त्याने मिस्त्रींच्या कोपराला हात दिला, आणि मिस्त्रींनी तो झटकला नाही.

बाटली बर्फात गार होईपर्यंत लेकीने ग्लास पुसले, परत पुसले. दुकानातली बाई म्हणत होती की फेसाळ वाइन उभी राहिली तरी निभावते, असं लेकीने मध्येच सांगून पाहिलं. मामा म्हणाला, दुकानदार दुसरं काय म्हणणार. मिस्त्री खिडकीपाशी उभे होते. वाइन गेली असेल तर त्याचं त्यांना एवढं नव्हतं. पण बायकोने भर दुकानात एक शब्द टाकला होता, तो खरा करून दाखवायला आता ती नव्हती, आणि खोटा पडलाच तर तो यांच्या हाताने पडणार होता.

“बाबा, मी उघडू?”

“नको. माझं आहे ते.”

त्यांनी वरचा चंदेरी कागद सोलला, तारेची जाळी सैल केली. तिने शिकवलं होतं तसं बूच मुठीत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवायला घेतली. बूच लगेच फिरलं. फारच लगेच, जराही अडलं नाही. मेहुण्याने मान खाली घातली. मिस्त्रींच्या कपाळाला घाम आला, पण हात थांबला नाही, आणि बूच मुठीत आलं तेव्हा बाटलीने श्वास सोडावा तसा बारीक आवाज केला.

त्यांनी ओतलं. रंग जुन्या अंगठीसारखा पिवळा झाला होता. वर थोडा फेस आला आणि विरून गेला. पुढे काहीच नाही. लेकीने ग्लास उजेडात धरला. तिघंही त्याकडे बघत राहिले, आणि तळातून एक बुडबुडा सुटला. सरळ वर आला. त्याच्यामागे दुसरा, मग त्यांची दोरीच लागली, ओळंबा सोडल्यासारखी सरळ.

मिस्त्रींचा जन्म लेव्हलच्या नळीतल्या एका बुडबुड्याकडे बघण्यात गेला होता. तो मधोमध थांबला की काम जमलं. आज इतके होते, आणि एकही थांबायला तयार नव्हता.

त्यांनी ग्लास नाकाशी नेला. वाइनच्या वासाबद्दल लोक काय काय सांगत, ते त्यांना कधी कळलं नव्हतं. आज कुणी सांगायची गरज पडली नाही. ताजा पाव. करपायच्या जरा आधी भट्टीतून काढलेला. ती पहाटपाळी करून यायची, दाराशी रुमाल सोडून खुंटीला लावायची, तेव्हा सगळं घर याच वासाने भरायचं, आणि मिस्त्री पांघरुणातूनच ओळखायचे की आली.

“भट्टी लागली,” ते म्हणाले.

लेकीने वास घेतला आणि वडिलांच्या खांद्याला डोकं टेकलं.

मेहुण्याने घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. परीक्षक काय गुण देतोय म्हणून दोघं त्याच्याकडे बघत होते. त्याने चष्मा परत चढवला, ग्लास रिकामा केला आणि मुकाट्याने पुढे धरला.

“मामा,” लेक म्हणाली, “अजून हवंय का लिंबूपाणी?”

आधी मिस्त्रींना हसू फुटलं. गुडघ्यावर थाप मारून, खोकला येईपर्यंत ते हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी असं हसत होतं. मेहुणा हसता हसताच डोळे पुसत म्हणाला, “जिंकली ताई.”

“हरली कधी होती?” मिस्त्री म्हणाले आणि त्याचा ग्लास काठोकाठ भरला.

ती गेल्यापासून मिस्त्री त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. पुढच्या रविवारी मेहुण्याला घेऊन ते आपणहून गेले. बाईने नुकत्याच आलेल्या वाइनमधल्या काही चाखायला दिल्या. पहिल्या दोन गोड स्वभावाच्या होत्या. मेहुण्याने दोघींनाही भरपूर गुण दिले. तिसरीने मिस्त्रींचं तोंड असं वाकडं केलं की बाईने घाईने पाणी पुढे केलं.

“काका, ही आत्ता नाही प्यायची. हिला वेळ द्यावा लागेल.”

“आत्ता कोण पितंय?” मिस्त्री म्हणाले. “बांधा.”

घरी येताना बाटली त्यांनी मेहुण्याच्या हाती दिली नाही. तळघरात उतरल्यावर कोनाड्यातली धूळ फडक्याने पुसली, विटेवर लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध थांबला.

“उभीच ठेवा,” टॉर्च धरून मेहुणा म्हणाला. “त्या बाटलीला काही झालं नाही.”

“नको. झोपू दे हिला.”

मिस्त्रींनी बाटली दोन्ही हातांनी आडवी केली, सालाची चिठ्ठी वर येईल अशी जराशी वळवली आणि हात काढून घेतला.

मेहुण्याने टॉर्च सालावर धरला. “एक तप म्हणजे, भाऊजी, तोवर आपण...”

“तोवर तू वर टेबलाशी ग्लास घेऊन बसलेला असशील,” मिस्त्री म्हणाले. “आणि कुठे अडकलात म्हणून मला हाका मारत असशील. मी इथे असेन, जिना चढत. गुडघ्यामुळे जरा उशीर होईल, एवढंच.”