डावीकडची पावलं

रविवारी दुपारी तीन वाजता संदेश कळंबटे दार लोटून कॉम्प्युटरसमोर बसला, की आठवड्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी गप्पा मारायचं. निहार पुण्यातून आणि दर्शन दुबईतून. तिघं रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकात एका बाकावरचे. दुसऱ्या वर्षी संदेशचे वडील गेले आणि तो पालीच्या पुढच्या चिरेखाणीवर लागला. जांभा दगडाचे चिरे कापायचं मशीन चालवायला शिकला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. आईही दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून कुवारबावच्या त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो एकटाच राहत होता.

तिघांचा खेळ ठरलेला होता. एका बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या आणि शेवटपर्यंत टिकायचं. त्यात डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. गवतातलं पाऊल, लाकडी जिन्यावरचा आवाज, दाराची करकर, हे ज्याला आधी ऐकू येतं तो वाचतो. पूर्वी संदेश दोघांच्या आधी सांगायचा, "मागे आहे, झाडीत, दोघं आहेत." गेल्या सहा महिन्यांत मात्र तोच सगळ्यांत आधी मरत होता.

"अरे, डावीकडून चालत आला तो! धावत पण नाही, चालत!" निहार एका रविवारी वैतागला. "पावलं ऐकू नाही आली तुला?"

"नाही आली."

"हेडसेट बदल बाबा तो. कॉलेजपासून तोच आहे तुझा."

दर्शन म्हणाला, "खरा सराउंडवाला घे. नाहीतर व्हर्च्युअल घे. पण काहीतरी घे."

संदेशला बरं वाटलं. चूक आपली नाही, हेडसेटची आहे, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? पुढचे आठ दिवस तो खाणीवरून आला की आंघोळ करून तेच वाचत बसायचा. खऱ्या सराउंड हेडसेटमध्ये प्रत्येक कानाच्या वाटीत तीन-चार छोटे स्पीकर असतात, एक पुढे, एक बाजूला, एक मागे. व्हर्च्युअलमध्ये प्रत्येक कानाला एकच मोठा स्पीकर. बाकीची करामत सॉफ्टवेअर करतं. उजवीकडचा आवाज डाव्या कानात किंचित उशिरा आणि किंचित हळू सोडतं, आणि डोकं फसतं. कोणी म्हणे पहिला चांगला, कोणी म्हणे पहिला नुसता जड. संदेशने खरा सराउंड घ्यायचं ठरवलं. जे आहे ते खरं असावं, एवढाच त्याचा विचार होता.

मारुती मंदिरापाशी राहीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. राही त्याच्याच वयाची, बोलायला मोकळी. तिने हेडसेट मागवून दिला आणि वर म्हणाली, "हा व्हर्च्युअलवाला पण ने. माझा स्वतःचा आहे. दोन्ही घालून बघ, आणि नाही आवडला तर चार दिवसांत परत आण."

घरी त्याने चाचणीची फाइल लावली. त्यात एक बाई इंग्रजीत एकेक दिशा सांगते आणि तिचा आवाज त्या दिशेने येतो. संदेशने वहीवर दोन रकाने आखले आणि नीट नोंद केली. खऱ्या सराउंडमध्ये उजव्या बाजूचे सगळे आवाज खणखणीत. पुढचा डावा घोंगडीतून आल्यासारखा. मागचा डावा अजिबात नाही. मग राहीचा घातला. तिथेही उजवी बाजू छान, डावीकडचे शब्द मात्र दबके, तेही उजवीकडूनच आल्यासारखे. दिशा नाही, पण निदान काहीतरी होतं.

त्याने निहारला मेसेज केला, "व्हर्च्युअल बरा. खऱ्याचा मागचा स्पीकर बंद निघाला."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो दुकानात गेला. राहीने हेडसेट आपल्या कानांवर चढवला, तीच फाइल लावली आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली.

"चालू आहे की. सगळे चालू आहेत."

"मागचा डावा?"

"तो पण."

संदेशला वाटलं ती परत घ्यायचं टाळतेय. "मला काहीच ऐकू नाही आलं. तीनदा लावून बघितलं मी."

राहीने हेडसेट काढला, त्याच्याकडे बघितलं, आणि मग तो उलटा करून त्याच्या डोक्यावर बसवला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. फाइल पुन्हा सुरू केली.

बाईने म्हटलं, मागे, डावीकडे. स्वच्छ. अगदी खांद्याशी उभी राहून बोलल्यासारखं. मग ती उजवीकडच्या दिशा सांगायला लागली असणार, पण त्याला काही कळेना. पडद्यावर फक्त रेघ सरकत होती.

संदेशने हेडसेट काढून काउंटरवर ठेवला. वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"लहान स्पीकरचा आवाज पातळ असतो," राही हळू म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती उठून त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "म्हणून त्यातलं काहीच आलं नाही तुला. माझ्यातलं सॉफ्टवेअर थोडा आवाज दुसऱ्या कानातही सोडतं, तो तरी पोचला. पण दोन्हीत शेवटचं काम कानांनाच करायचं असतं रे. दाखव कोणालातरी."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका छोट्या बंद खोलीत बसवलं. हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबायला सांगितलं. उजव्या कानाच्या वेळी तो भराभर दाबत होता. डाव्याच्या वेळी इतका वेळ गेला, की त्याला वाटलं बाई विसरल्या. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख पुढे ठेवला. एक रेघ जवळपास सपाट होती, दुसरी दरीत उतरल्यासारखी.

"काम काय करता?"

"चिरेखाणीवर मशीन चालवतो."

"मशीनचं पातं कुठल्या हाताला असतं?"

संदेशने डावा हात वर केला आणि तसाच धरून राहिला.

"गेलेलं परत येत नाही," त्या म्हणाल्या. "राहिलंय ते सांभाळायचं. उद्यापासून कान झाकूनच कामाला उभं राहायचं. कानातलं यंत्र लावलंत तर बोलणं जरा समजेल."

"मॅडम, गेममधली पावलं... ती कुठून येतात ते कळेल?"

त्या हसल्या नाहीत. "दिशा कळायला दोन्ही कान सारखे लागतात. थोडं कळेल. पूर्वीसारखं नाही कळणार."

परत येताना त्याने बाइक हळू चालवली. डोक्यात एकेक गोष्ट उलगडत होती. खाणीवर शिवा जेवताना त्याच्या शेजारी बसायचा, तो हल्ली पलीकडच्या टोळीत जाऊन बसतो. मुकादम दोनदा "कान फुटले काय रे" म्हणून खेकसला होता. आणि खालच्या आवडाबाई. आई असताना त्यांचं जाणं-येणं होतं. आई गेल्यावर सुरुवातीला त्या कधी आमटी, कधी भाजलेले सुके बांगडे पाठवायच्या. मग ते बंद झालं. त्यांच्या मनात काही आलं असेल म्हणून संदेशने विषय सोडून दिला होता. जिना चढताना त्यांचं दार डावीकडे येतं, हे त्याला आत्ता सुचलं.

आवडाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. तो जिन्यापाशी थांबला.

"काकी, तुम्ही मला हाक मारायच्यात काय? मी वर जाताना?"

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "मारायची. किती दिवस मारली. तू बघायचास पण नाय. म्हटला, पोरगा मोठा झाला, आता आपली गरज सरली."

"मला ऐकू येत नाही, काकी. ह्या कानाने. मला पण आजच कळलं."

आवडाबाईंचे हात थांबले. त्या बराच वेळ त्याच्या कानाकडे बघत राहिल्या, जणू काही बाहेरून दिसणार होतं. "मेल्या," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी पुढल्या महिन्यात लेकीकडे चाललंय खेडला. कायमची. खोली सोडलीय. तुला कोणी सांगितला नसेल."

"नाही सांगितलं," संदेश म्हणाला. कदाचित त्यांनीच सांगितलं असेल, जिन्यात, कधीतरी. त्या दिवशी त्याने तिथेच पायरीवर बसून त्यांच्या हातचा चहा घेतला.

रविवारी तीन वाजता त्याने निहारला फोन लावला, उजव्या कानाला. खेळ सुरू व्हायच्या आधी सांगून टाकायचं ठरवलं होतं. सगळं सांगितलं.

"सॉरी यार," निहार म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुला आता इंटरेस्ट नाही. बोललेलं पण अर्धं सोडून द्यायचास. आम्ही समजलो, कंटाळलाय."

"कंटाळलो नव्हतो."

"हो, आता कळतंय रे." निहार अडखळला. "ऐक ना. पुढच्या महिन्यातली ती स्पर्धा... दर्शनने त्याच्या ऑफिसातल्या एकाचं नाव दिलंय. तिसरा म्हणून. तुला सांगणारच होतो आम्ही. आता रविवारी त्याच्याबरोबर सराव असेल."

"बरं केलंत. टीम पक्की पाहिजे."

"आपण खेळू की अधूनमधून. असंच, मजेत."

"हो, खेळू."

फोन ठेवल्यावर संदेशला राग आला नाही. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं, आणि हे कळत असल्यामुळे रागवायलाही कोणी उरलं नव्हतं.

खरा सराउंड त्याने राहीला परत केला आणि तिचाच व्हर्च्युअल ठेवून घेतला. तिने त्याला सेटिंगमध्ये नेऊन सराउंड बंद करायला शिकवलं, आणि दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून दोन्ही कानांत सारखेच सोडायलाही. आता सगळं उजव्या कानात पोचत होतं. कुठून आलं, ते मात्र आवाजावरून कळायचं नाही. त्यासाठी खेळातच एक सोय होती. आवाज झाला की पडद्यावर त्या बाजूला एक पुसट खूण उमटायची, पावलांना पावलांची, गोळीला गोळीची. इतकी वर्षं त्याने ती कधी चालू केली नव्हती. ती ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आहे, असं तिथे लिहिलेलं होतं.

पुढच्या रविवारी तो एकटाच बेटावर उतरला. पहिल्या डावात तो खुणांकडे बघायचंच विसरला आणि लगेच मेला. दुसऱ्यात जरा टिकला. तिसऱ्यात एका पडक्या शाळेच्या भिंतीला पाठ लावून बसला असताना पडद्याच्या डाव्या कडेला पावलांची खूण उमटली. पुसट, मग गडद. त्याने तोंड वळवलं आणि वाट बघत राहिला.

"डावीकडे," तो म्हणाला. "भिंतीमागे. एकटाच आहे."

माईक बंद होता. भिंतीच्या टोकाशी एक सावली आली, थांबली, आणि पुढे सरकली. संदेशने गोळी झाडली. मग तो उठून भिंतीच्या कडेने पुढच्या घराकडे चालत गेला. बेटावर अजून एकतीस जण शिल्लक होते.