गोठलेल्या गवतावरची पावलं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘धारदार हत्याराने हिरवळीची जाणूनबुजून नासधूस केली’ असं तुमच्या सहीच्या कागदावर आहे, आणि सही करताना ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या हाताखालच्या अकरा जणांनाही ठाऊक होतं. मला तर होतंच. मी फाटकावरचा पहारेकरी. त्या सकाळी तुमच्यापासून चार हातांवर उभा होतो.

ज्यांच्यावर तो कागद बजावला ते आपल्या संस्थेचे माळी. तेवीस वर्षं त्यांनी मुख्य इमारतीपुढचं लॉन सांभाळलं. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणतात, पाठीमागे ‘हवामान खातं’. थंडी सुरू झाली की उजाडता उजाडता ते लॉनच्या कडेला उकिडवे बसायचे, हाताची मागची बाजू गवताला लावायचे आणि निकाल द्यायचे.

“आज कडक आहे. उन्हं गवतावर येऊन दव विरघळेपर्यंत कुणाला आत सोडू नको.”

“आणि कुत्रं आलं तर?”

“कुत्र्याला अक्कल असते. ते कडेनं जातं.”

मग चारी बाजूंनी दोरी लागायची. कुणाला दिसली नाही असं व्हायला नको म्हणून दोरीला लाल चिंध्या. दव गोठलेलं असताना पातीतलं पाणीही गोठतं, हे मला काकांनीच शिकवलं. त्या वेळी पाती म्हणजे काच. पाय पडला की आतून फुटते. गंमत अशी की लगेच काही दिसत नाही. दुपारपर्यंत जागा काळवंडते, दोन दिवसांत करपते, आणि थंडीत गवताची वाढच थांबलेली असल्यामुळे ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

थंडीतल्या गवताचं त्यांचं शास्त्र पुस्तकातलं नव्हतं, पण पक्कं होतं. थंडीच्या तोंडावर ते कापायच्या मशीनचं पातं दोन खाचा वर घ्यायचे. “माणूस थंडीत अंगावर जास्त घालतो, मग गवताला का भादरायचं?” खत त्याआधीच द्यायचं, मग बंद. “झोपताना पोटभर खाल्लं की आजारपण.” पाणी सकाळी ऊन आल्यावरच. गळलेली पानं रोजच्या रोज दाताळ्यानं ओढायची, नाहीतर खालचं गवत गुदमरतं. काकू म्हणायच्या, “मला ताप आला तर एवढं बघत नाहीत.”

तपासणी समिती यायला आठ दिवस होते. तुम्हाला अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो हवा होता: पांढरंशुभ्र गोठलेलं लॉन आणि त्यावर उभे सगळे अधिकारी. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. उजाडलं होतं, ऊन यायचं होतं. काका पंपाकडे गेले होते. तुम्ही दोरीपाशी आलात आणि मला म्हणालात, “उचल रे ती.”

मी म्हटलं, “साहेब, काकांनी सांगितलंय...”

तुमचा पीए हसला. “इथे साहेब कोण? काका का?”

मी दोरी उचलली. तुम्ही बारा जण वाकून तिच्याखालून गेलात. पायांखाली गवत कुरकुर वाजत होतं. फोटोवाला ‘अजून मागे, थोडं डावीकडे’ म्हणत होता आणि तुम्ही सगळं लॉन फिरत होतात. तेवढ्यात काका झारी घेऊन आले. झारी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, “साहेब, जरा उन्हं येऊ दिली असती.”

तुम्ही म्हणालात, “काका, गवत आहे हो. गालिचा नाही.”

तुम्ही गेल्यावर काका मला म्हणाले, “गालिचा असता तर झटकला असता.” मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ते जेवायला गेले नाहीत. दर अर्ध्या तासानं लॉनला एक फेरी. मी विचारलं, “काही दिसतंय का?” ते म्हणायचे, “अजून नाही.” तीनच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. इमारतीसमोर, अगदी मधोमध, दोन काळपट ठसे वर आले होते. चवडा वेगळा, टाच वेगळी. मग त्यांच्या शेजारी आणखी दोन. तिसऱ्या दिवशी सगळं लॉन तुमच्या बुटांनी भरलं.

आणि मग लोक हसायला लागले. खिडक्यांतून कारकून बोटं दाखवायचे. “हा टोकदार बूट हिशेबनिसांचा.” “तो मधला फेंगडा कुणाचा, सांगायलाच नको.” हे हसू वरच्या मजल्यावर पोचलं असणारच, कारण दुसऱ्या दिवशी पीए खाली आला आणि काकांना म्हणाला, “समिती यायच्या आत हे नाहीसं करा. कसं ते मला विचारू नका.”

काकांनी विचारलं नाही. पंपाच्या खोलीमागं सावलीत वाढलेलं गवत होतं, त्याचे त्यांनी मातीसकट चौकोन कापले. लॉनवरचा एकेक ठसा सुरीनं कोरून काढला आणि त्या जागी एकेक चौकोन बसवला. तीन दिवस गुडघ्यांवर. काकू पोतं अंथरायला आल्या आणि म्हणाल्या, “ज्यांनी तुडवलं त्यांनी पुसावं की.”

“अगं, पाहुणे येणार. लाज सगळ्यांचीच जाते.”

मी म्हटलं, “काका, तुम्ही पुरावा खणून काढताय.”

“पुरावा कशाला? मी काय कोर्टात उभा आहे?”

थंडीत मुळं धरत नाहीत, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? त्यांनीच सांगितलं, “लागणार नाहीत रे. समिती येऊन जाईपर्यंत हिरवे राहिले तरी पुष्कळ.” पण सावलीत वाढलेलं गवत नाजूक. उघड्यावर त्याला दोन थंड पहाटा सोसल्या नाहीत. समिती आली त्या सकाळी लॉनवर पिवळ्या चौकोनांचे चौकोन. समितीचे प्रमुख गाडीतून उतरले, बघत राहिले आणि म्हणाले, “इथे बुद्धिबळ खेळता वाटतं?”

तुम्ही हसला नाहीत. संध्याकाळी काकांच्या नावानं तो कागद निघाला.

चौकशीला टेबलामागे दोघं बसले होते. साक्षीदार म्हणून मीही होतो. सुरी तुमची का? हो. गवत तुम्ही कापलंत? हो. का कापलंत? खराब झालं होतं. कशानं?

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “थंडीनं.”

मला काही विचारलंच नाही. मीही तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. “थंडीनं? काका, तुम्ही सांगितलं का नाही?”

“काय सांगू? साहेब आत गेले म्हणू? ते विचारणार, दोरी कुणी उचलली. तुझं नाव आलं असतं. तुझी पोरगी अजून शाळेत आहे. माझी तीनच वर्षं राहिली होती.”

‘होती’ म्हणाले. निकाल लागायच्या आधीच.

फोटो मी बघितला. खालच्या दालनात लावलाय, काचेच्या चौकटीत. बाराही जण झकास आलेत, मागे धुकं, पण सगळे कमरेपर्यंतच. पाय कुणालाच नाहीत.

निकालात काकांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मी खरं काय घडलं त्याचा अर्ज लिहून दिला. त्याची पोच मिळाली नाही. दुसरा दिला. पीए म्हणाला, “तुलाही घरी बसायचंय का?” मी म्हटलं, बसेन. पण महिनाभरात काकांना पंपामागची राहती खोली सोडायचा हुकूम आला.

आज सकाळी ते गेले. दव गोठलेलं होतं. दोरी कुणी लावली नव्हती, लावणारं कुणी नाही. काकांच्या खांद्यावर ट्रंक, काकूंच्या दोन्ही हातांत गाठोडी. लॉन ओलांडलं की फाटक समोर. काकू थांबल्या. “सरळ जाऊ या की. आता कुणाचं गवत ते?”

काकांनी खांद्यावरची ट्रंक सावरली. खडीच्या वाटेनं, कडेकडेनं, सगळ्या लॉनला वळसा घालून चालत आले. मध्ये दोनदा ट्रंक खाली ठेवली, खांदा बदलला. काकूही मागून तशाच आल्या. मी फाटक उघडलं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

म्हणून हा तिसरा कागद, आणि हा मी टपालात टाकणार नाही, तुमच्या हातात देणार आहे. दोरी मी उचलली. भिऊन उचलली आणि चौकशीत भिऊन गप्प बसलो. खाली माझी सही आहे, जी काय शिक्षा असेल ती द्या. पण ‘उचल रे’ कोण म्हणालं, ते मात्र तुम्ही लिहा, तुमच्या अक्षरात. मी दाराबाहेर उभा आहे. कोण म्हणालं, साहेब?